खणकांची बुद्धी : उणे चार

जन्माला येतानाच कोणाच्या वाट्याला किती बुद्धी यावी हे ठरवण्याची नोकरी मी जयपुरात पुष्कळ वर्षं केली. दचकू नका, ती बुद्धी खोट्या माणसांची होती. ऑनलाइन गेममधल्या पात्रांची. पण त्या नोकरीत मला जे हादरे बसले ते सगळे खऱ्या माणसांनी दिले, आणि त्यातला एक अजून माझ्या गळ्याखाली उतरलेला नाही.

आम्ही मूळचे अकोल्याचे. बाबा रेल्वेत होते. मीटरगेजची गाडी तेव्हा अकोल्याहून थेट जयपूरला यायची. तिच्याच वाटेने बदलीवर आलो आणि इथलेच झालो. घरात बुद्धाची मूर्ती, आईची वऱ्हाडी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की सगळी हिंदी. आईला माझी नोकरी शेवटपर्यंत समजली नाही. फोनवर मी सहकाऱ्यांशी बोलायला लागले की दर दोन वाक्यांत 'रेस' यायचं. एकदा तिने बाबांना बाजूला घेऊन विचारलं, "अवो, हे पोट्टी घोड्याइच्या रेसवर पैसे त लावून नाई रायली ना?"

तर ती रेस नव्हे. आमच्या गेममध्ये शिरणाऱ्याला आधी स्वतःचं पात्र तयार करावं लागे. त्यात पहिलाच प्रश्न, तुम्ही कोणाच्या पोटी जन्मलात? चार पर्याय होते. साधे मानव. उंच, गोरे, मंत्रविद्या जाणणारे तेजस. डोंगरात राहणारे, ढाल धरणारे गिरिक. आणि बुटके, काळे, खाणीत खोदणारे खणक. इंग्रजीत याला म्हणत रेस. एकदा ती निवडली की ताकद, चपळाई, बुद्धी यांचे आकडे त्या पात्राला आपोआप चिकटत. तेजसांना बुद्धी अधिक, ताकद कमी. खणकांना ताकद अधिक चार, बुद्धी उणे चार.

हा तक्ता मी येण्याच्या आधीपासूनचा होता. माझं काम त्याचा तोल सांभाळायचं. समजा, तेजस सारखे जिंकायला लागले, तर हळूहळू जो तो तेजसच घेणार. मग लढाईत ढाल धरायला कोणी उरत नाही आणि लोक कंटाळून निघून जातात. म्हणून त्यांचा एखादा आकडा जरा खाली, दुसऱ्या कोणाचा जरा वर. हे इतकं हळूच करायचं की कोणाला जाणवता कामा नये. जाणवलं की शिव्या ठरलेल्या.

तक्रारींचे फोन आणि मेलही माझ्याकडे येत. जयपुरातल्याच मानसरोवर वसाहतीत राहणारे एक गृहस्थ होते, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. हे आमचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात चिडके खेळाडू. त्यांनी एकदा कळवलं की त्यांचा तेजस कोडी सोडवण्याच्या स्पर्धेत एका खणकाकडून हरला, तेव्हा आकड्यांत गडबड आहे. मी पाहिलं, तर काही गडबड नव्हती. कोडं पात्राला नसतं घातलेलं, ते खेळणाऱ्यानेच सोडवायचं असतं.

"साहेब, त्यांना उत्तर आलं, तुम्हाला नाही आलं," मी म्हणाले.

"असं कसं होईल?" ते ओरडले. "त्याची बुद्धी तर उणे आहे!"

तेव्हा मी पोट धरधरून हसले होते.

मग गेम हिंदी आणि मराठीत आणायचं ठरलं. आमच्या कंपनीचा मालक राघव जयपूरचाच, वयाने माझ्याहून बराच लहान, मला दीदी म्हणायचा. मराठी येणारी मी एकटीच, म्हणून मराठीचं काम माझ्या गळ्यात पडलं. हिंदीचं भाषांतर आधी तयार होऊन आलं होतं. त्याच्यावरून मराठी करावं म्हणून मी ते उघडलं. पहिल्या पडद्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'अपनी जाति चुनिए.' खाली खणकाचं चित्र. काळा रंग, वाकलेली पाठ, हातात कुदळ. आणि शेजारी, 'बुद्धि : माइनस चार.'

हीच ओळ मी इंग्रजीत किती वर्षं पाहत होते. तिकडे तो नुसता तक्ता होता. माझ्या भाषेच्या शेजारच्या भाषेत आल्याबरोबर ती ओळ माझ्याकडे बघायला लागली.

राघवला बोलावून दाखवलं. त्याने कपाळावर हात मारला. "अरे बाप रे! दीदी, ये तो केस हो जाएगा. 'जमात' लिख दो, 'वंश' लिख दो, कुछ भी लिख दो."

"शब्द बदलून काय होणार? आकडा तर तोच आहे."

राघव वाईट माणूस नव्हता आणि बिनडोक तर नव्हताच. तो टेबलाच्या कडेवर बसला आणि मला समजावू लागला. फरकच नसेल तर निवडायचं कशाला? खणक आणि तेजस यांना सगळं सारखंच येत असेल तर उरतो नुसता पोशाख. बुटक्या, जड पावलांच्या पात्राला घेऊन उंच किल्ला चढायचा, यातच खेळाची गोडी आहे. शिवाय हे काल्पनिक प्राणी. मांजर आणि हत्ती यांच्यात फरक असतोच की! मीही तोवर असंच मानत आले होते. मराठीत 'जमात' लिहिलं, हिंदीतही तेच करायला लावलं, आणि गेम बाजारात गेला.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीने जयपुरातल्या खेळाडूंचा मेळावा भरवला. मानसरोवरातल्या एका मॅरेज गार्डनमध्ये, भर दुपारी, कचोरी आणि छाछ ठेवून. कोचिंग क्लासांच्या गोपालपुऱ्यातल्या होस्टेलांतली मुलं घोळक्याने आली. वर्षानुवर्षं एकत्र लढलेली ही मंडळी एकमेकांना पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होती. "तू है वो?" म्हणत मिठ्या मारणं चाललं होतं. मला फार बरं वाटत होतं.

त्या दिवशी एक खास बक्षीस द्यायचं होतं. आमच्याकडची सर्वांत नावाजलेली हीलर, म्हणजे लढाईत जखमी झालेल्या साथीदारांना वाचवणारी खेळाडू, चक्क खणक होती. हीलरला बुद्धी लागते. खणकाला घेऊन हीलर होणं म्हणजे पायात बेड्या घालून नाचणं. तरी ती सगळ्यांच्या पुढे होती. पडद्यावर तिचं नाव होतं 'खानवाली'. प्रत्यक्षात ती निघाली पूनम, सीकरकडच्या एका गावची, गोपालपुऱ्यात राहून सरकारी भरतीची तयारी करणारी, बारीक अंगाची, मोठ्याने हसणारी मुलगी.

ती ज्या गिल्डमध्ये खेळायची, गिल्ड म्हणजे एकत्र मोहिमेवर जाणाऱ्यांचा गट, त्याचा म्होरक्या यश. गोड बोलणारा, वाकून नमस्कार करणारा मुलगा. त्याने पूनमला पाहून टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना बोलावून तिची ओळख करून दिली. मी शेजारीच उभी होते. त्याने सहज विचारलं, "पूनम, आगे क्या लगाती हो?"

तिने आडनाव सांगितलं.

"अच्छाऽऽ!" यश म्हणाला. "इसीलिए खणक!"

आणि सगळे हसले. द्वेषाने नव्हे. एखादं कोडं सुटल्यावर हसतात तसे, मजेत हसले. पूनमही हसली, पण फक्त ओठांनी. ज्या मुलीने यांना शेकडो लढायांतून जिवंत बाहेर काढलं होतं तिचा सगळा हिशोब यांनी एका शब्दात मिटवून टाकला होता. आणि तो शब्द जोडायला जागा आमच्या तक्त्याने करून दिली होती.

मी यशसमोर जाऊन उभी राहिले. "बेटा, मेरा सरनेम नहीं पूछा तुमने."

तो निरागसपणे म्हणाला, "मैम, आपका तो मराठी है ना. मराठी सरनेम से कुछ पता नहीं चलता."

"म्हणून सांगते," असं म्हणून मी सांगितलं आम्ही कोण ते. ज्या शब्दात गावाकडे सांगत असत त्याच शब्दात, हिंदीत, स्वच्छ. आमच्या गल्लीची विहीर वेगळी होती हेही सांगितलं. राघव छाछचा ग्लास ओठाशी धरून तसाच उभा राहिला.

यशचा चेहरा पडला. "सॉरी मैम," तो अगदी मनापासून म्हणाला, "आपको थोड़े ही बोला!"

मी पूनमचा हात धरला, तिला व्यासपीठावर नेलं, बक्षीस दिलं.

परतताना राघव गाडी चालवत होता. म्हणाला, "दीदी, इतने साल में आपने कभी बताया नहीं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

त्याने विचार केला. खोटं बोलला नाही, त्याबद्दल त्याला मानते. "पता नहीं," म्हणाला. आणि मेट्रोच्या खांबांपाशी वळताना, "कल टेबल खोलते हैं."

आम्ही तक्ता उघडला आणि जन्माचे सगळे आकडे काढून टाकले. अधिकही नाही, उणेही नाही. कोणीही कोणाच्याही पोटी जन्मो, सुरुवात एकाच रेषेवरून. नवी आवृत्ती सोडली तेव्हा मी मनाशी तयारी करून बसले होते की तेजस घेणारे चवताळून उठतील. उठलेही. मानसरोवरच्या त्या गृहस्थांनी मला 'क्रांतिकारक बाई' असं संबोधून मेल पाठवली. त्याचं काही वाटलं नाही. पण तिसऱ्या प्रहरी रिसेप्शनवरून फोन आला की कोणी पूनम भेटायला आली आहे, फार रागात आहे.

ती बसलीसुद्धा नाही. "मैम, किससे पूछके किया ये?"

मी गडबडले. मला वाटलं होतं, ती आभार मानायला आली असेल. "तुझ्यासाठीच केलं गं, बेटा."

"मेरे लिए?" तिचा आवाज चिरला. मग ती जे भडाभडा बोलली ते मराठीत असं होतं : उणे चार तुमचे होते. त्यांच्यावरून चढून गेले ती मी. तुम्ही एका दिवसात दोन्ही पुसलंत. आता मी सगळ्यांसारखीच एक हीलर. मी कुठून चढून आले ते कोणाला दिसणारच नाही. आयुष्यात एक गोष्ट अशी होती, की जिथे उणं असूनही मी वर होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

जे उणं मला अपमान वाटत होतं त्यावर पाय देऊन ही उभी होती, आणि मी तिच्या भल्यासाठी म्हणून ते तिच्या पायाखालून ओढून घेतलं होतं.

"मग परत लावू का उणे चार?" मी विचारलं.

"नहीं!" ती ताडकन म्हणाली. आणि मग एकदम खुर्चीत बसली. "वो भी नहीं. मतलब... मुझे नहीं पता, मैम."

मी चहा मागवला. तिला थोडं शांत वाटल्यावर मी विचारलं, इतके पर्याय असताना तिने पहिल्या दिवशी खणकच का घेतला? ती म्हणाली, त्यांना अंधारात दिसतं म्हणून. आणि ते खाणीत गाणी म्हणतात म्हणून.

"अंधारात का दिसतं त्यांना?"

"खान में पले हैं ना."

बोलून गेली आणि माझ्याकडे बघत राहिली. खाणीत जन्मले म्हणून नाही, खाणीत वाढले म्हणून. मग एखादा तेजस लहानपणापासून खाणीत वाढला तर? त्यालाही दिसेल. आणि वैद्यांच्या घरी वाढलेली खणकाची पोर? ती औषधं ओळखेल.

नंतर आम्ही गेम या पायावर नव्याने बांधला. जन्मावरून फक्त अंगकाठी, गाणी, गोष्टी आणि सणवार. जे येतं ते, कुठे वाढलात आणि कोणाकडून शिकलात त्यावरून. आणि प्रत्येक पात्राच्या नावाखाली ते कोणत्या वाटेने वर आलं हे दिसायला लागलं. उणे आकडे असताना ज्यांनी ते ओलांडले होते त्यांच्या नावापुढे तशी खूण कायमची राहिली. पूनमला दाखवलं. तिने बारकाईने पाहिलं आणि म्हणाली, "चलेगा." तिच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

राघवचं अर्धं म्हणणं बरोबर होतं हे इथे कबूल केलं पाहिजे. जड पावलांच्या खणकाला किल्ल्यावर चढवण्यात जी मजा होती ती जरा उणावली. काही जुने खेळाडू, त्यांत खणकच जास्त, हळहळले. सगळ्यांना सगळं जमू शकतं म्हटल्यावर एक प्रकारचा सपाटपणा येतोच. तो घालवायला मला पुढे बरीच धडपड करावी लागली आणि ती पूर्ण साधली असं मी म्हणणार नाही.

पण ती कारागिरीची हळहळ. खरा घाव पुढे आहे.

गेममध्ये एक चौक होता, तिथे गिल्डवाले साथीदारांसाठी पाट्या लावत. 'ढालवाला पाहिजे', 'धनुर्धारी पाहिजे' अशा. पूर्वी तिथे हमखास एक ओळ असायची, 'हीलर चाहिए. खणक माफ़ करें.' आकड्यांमुळे असेल, असं आम्ही सगळे म्हणायचो. खणक हीलर कमी पडतो, मग कोण घेणार? आता आकडे गेले होते. मी मोठ्या उत्साहाने त्या चौकात फिरायला गेले. आणि पाहते तर तीच ओळ. एका पाटीवर नाही, पाटीमागून पाटीवर. 'खणक माफ़ करें.'

मला वाटलं, जुन्या पाट्या काढायच्या राहिल्या असतील. पण तसं नव्हतं. त्यात नव्या आवृत्तीत आलेल्या विद्यांची नावं होती. एक पाटी यशच्या गिल्डची होती. मेळाव्यानंतर काही दिवसांतच पूनमने तो गट सोडला होता. मी यशला फोन लावला.

"बेटा, आता तर सगळे सारखे आहेत. खणक हीलर तेजसाइतकाच चांगला."

"हाँ मैम, पता है. मैंने खुद टेस्ट किया. एकदम बराबर."

"मग पाटीवर असं का?"

तो नेहमीच्याच अदबीने म्हणाला, "मैम, माहौल ख़राब होता है."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं, आधी आकडा येतो आणि मग माणसं त्याच्या मागे जातात. उणे चार आहे म्हणून नको. आता उणं नव्हतं, कारण नव्हतं, त्याने स्वतः तपासून खात्री केली होती. तरी नको. आणि हे नसलेल्या माणसांबद्दल, पडद्यावरच्या बुटक्या काळ्या चित्रांबद्दल! हाच तो हादरा, जो मी वर म्हणाले. मी त्या दिवशी राघवच्या खोलीत गेले. पाटी उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने वाचली, यशचं वाक्य ऐकलं आणि चष्मा काढून डोळे चोळत बसला.

मग आम्ही नियम केला. साथीदार कौशल्य पाहून नाकारा, वेळ जमत नाही म्हणून नाकारा, जन्म पाहून नाकारलंत तर चौकात पाटी लावता येणार नाही. फार ओरडा झाला. 'हा गेम आहे की सरकार?' असं लोक विचारायला लागले. यशच्या गटात भांडणं झाली, अर्ध्यांनी नियम मानला, अर्ध्यांनी नाही, आणि गट फुटला. दरम्यान पूनमने स्वतःचा गट काढला. त्यात खणक होते, तेजस होते, मानसरोवरचे ते चिडके गृहस्थसुद्धा कसे कोण जाणे जाऊन बसले होते, आणि पूनम सांगेल तसं मुकाट्याने लढत होते.

मी नोकरी सोडायच्या सुमाराला ती मला भेटायला आली. तिला एका शाळेत नेमणूक मिळाली होती. पेढे घेऊन आली होती. गेमच्या गप्पा निघाल्या तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "मैम, यश को ले लिया ग्रुप में."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोणता यश?"

"वही."

"त्याने माफी मागितली?"

"नहीं."

"मग तू त्याला विचारलंस तरी का, मेळाव्यात काय बोलला होतास म्हणून?"

तिने मान हलवली. नाही.

मी जाम भडकले. तिला चक्क झापलं. म्हटलं, अगं, मी तुझ्या जागी असते तर दारात उभा केला नसता. आजही करणार नाही. एवढं सगळं झाल्यावर त्याला घेताना तू पाहिलंस तरी काय?

पूनम माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं.

"ढाल अच्छी पकड़ता है, मैम," ती म्हणाली. "और क्या देखना था?"